तोफेच्या वाटेवरचे अक्षांश-रेखांश

महाराष्ट्रात किल्ला म्हटलं की डोळ्यांपुढे आधी डोंगर उभा राहतो. राजगड, तोरणा, रायगड लांबूनच दिसतात, चढायला बोलावतात आणि घाम गाळून वर पोचणाऱ्याला त्याचं मोल आपोआप कळतं. सोलापूरच्या किल्ल्याच्या नशिबी हे नाही. तो भुईकोट. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी अंगांना खंदक, आत दुहेरी तटबंदी आणि भोवती शहराची वर्दळ. त्याच्या शेजारून रोज जाणाऱ्या माणसालाही मान वर करून पाहायचं कारण पडत नाही. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज अशा एकामागून एक सत्तांनी ज्या कोटासाठी माणसं खर्ची घातली, तो आज गावाच्या मधोमध असून नजरेआड झाला आहे.

सोलापूरच्या आसपासचा सगळाच लष्करी इतिहास असा सपाटीवर पसरलेला आहे. परंडा, नळदुर्ग, माचणूर, आष्टी ही नावं लढायांच्या आणि छावण्यांच्या पुस्तकांत ठसठशीत आहेत, पण त्यांतलं एकही शिखर नाही. तिथे माणसाला कुणीतरी नेमक्या जागेवर आणून उभं करावं लागतं. हे काम करू शकेल असा एक खेळ जगात पंचवीसएक वर्षं रुजला आहे. त्याचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एखाद्या जागी छोटी डबी ठेवतो, त्यात नोंदवही असते, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर होतात आणि बाकीचे मोबाइलवर उपग्रहाचा इशारा घेत तिथवर पोचतात. अशा जागा एका विषयात गुंफल्या की त्यांची माळ होते. लष्करी इतिहासाची अशी माळ सोलापूर भागात बांधावी, असं मला मनापासून वाटतं. या खेळाची वंशावळ काढत मागे गेलं, तर तो खेळ स्वतःच फौजेच्या पोटातून जन्मलेला दिसतो.

मोजणारी फौज

एखाद्या ठिकाणाला आकड्यांत पकडण्याची गरज आधी सैन्याला पडली. मराठी मुलखात वाटा कोसांत आणि मुक्कामांत मोजल्या जात. जासूद आणि हरकारे पाणी कुठे, उतार कुठे, चारा किती याची खबर डोक्यात घेऊन फिरत. हे ज्ञान पक्कं होतं, पण ते त्या माणसाबरोबर चालायचं आणि त्याच्याबरोबरच संपायचं.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेत असलेल्या विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज पायदळातल्या अधिकाऱ्याने जिंकलेला मुलूख त्रिकोणांनी मोजायचा प्रस्ताव मांडला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिल्या पायारेषेची मोजणी सुरू झाली. अर्ध्या टनाच्या घरातलं वजन असलेलं कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून टेकडी-टेकडीवर, गोपुरांवर चढवलं गेलं. ही रेषा दक्षिणेतून उत्तरेला सरकत बीदरजवळून, म्हणजे सोलापूरच्या पूर्वेकडून, पुढे गेली. लॅम्ब्टन शेवटपर्यंत मोजतच राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्याच हिंगणघाटला वारला. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवलं. आज आपण मोबाइलवर जो अक्षांश सहज वाचतो, त्यामागे या रेषेवर राबलेल्या, तापाने मेलेल्या कितीतरी खलाशांचे आणि हमालांचे श्रम आहेत.

पुढे याच मोजणीला हेरगिरीची जोड मिळाली. इंग्रज अधिकाऱ्यांना बंदी असलेल्या तिबेटात १८६५ मध्ये कुमाऊंचे नैनसिंह रावत यात्रेकरूच्या वेशात शिरले. प्रत्येक पाऊल सारख्या लांबीचं पडावं अशी सवय त्यांना लावलेली होती. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, म्हणजे दर शंभर पावलांना एक मणी ओढला की हिशेब चुकत नसे. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले असत. डबीत दडवलेली नोंद आणि पावलापावलाने गाठलेली जागा, ही या खेळाची दोन्ही अंगं त्या माणसाच्या हातात होती. फरक एवढाच की पकडले गेले असते तर जीव गेला असता.

हेरगिरीचा खेळ होतो

मोजणी खात्यातल्या हेरांचं हे जग रड्यार्ड किपलिंगने १९०१ च्या 'किम' कादंबरीत आणलं. तिच्यातला पोरगा ताटातली रत्नं क्षणभर पाहतो, मग ती झाकली जातात आणि काय काय पाहिलं ते त्याला सांगावं लागतं. रॉबर्ट बेडन-पॉवेलने हा खेळ उचलला. हा लष्करी अधिकारी. त्याने १८९९ मध्ये सैनिकांसाठी टेहळणीचं पुस्तक लिहिलं होतं, त्याच वर्षी सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात तो नावारूपाला आला आणि १९०८ मध्ये त्याने तीच विद्या मुलांसाठी नव्याने मांडली. माग काढणं, खुणा वाचणं, होकायंत्रावर चालणं. आपल्याकडे ही चळवळ बालवीर म्हणून शाळाशाळांत पोचली. शिबिरात झाडाच्या ढोलीतली चिठ्ठी शोधत पळालेल्या प्रत्येक मुलाने नकळत लष्करी टेहळणीचा पहिला धडा गिरवला आहे.

दुसरा धागा निव्वळ भटकंतीचा. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम दलदलीपाशी बाटली ठेवली. जो तिथवर पोचेल त्याने आपलं नावाचं कार्ड तिच्यात टाकावं, एवढीच कल्पना. पुढे बाटलीची पेटी झाली, पेटीत शिक्का आणि वही आली.

तिसरा धागा आकाशातला. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला आणि त्याच्या बदलत्या कंपनांवरून त्याची कक्षा काढता काढता अमेरिकी शास्त्रज्ञांना उलटंही गणित सापडलं. उपग्रहाची जागा ठाऊक असेल तर जमिनीवरच्या माणसाची जागा काढता येते. अमेरिकी संरक्षण खात्याने त्यातून जीपीएस उभी केली आणि तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं मेली. त्यानंतर ही यंत्रणा नागरिकांनाही देण्याची घोषणा झाली. पण नागरिकांच्या इशाऱ्यात मुद्दाम चूक मिसळलेली असे, साधारण शंभर मीटरची. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रस्त्याकडेच्या झाडीत एक काळी बादली ठेवली, त्यात वही-पेन्सिल आणि काही वस्तू घातल्या आणि जागेचे आकडे जाहीर केले. काही दिवसांत लोक तिथे पोचले. बघता बघता तो खेळ जगभर पसरला.

त्या शंभर मीटरचा अर्थ सोलापूरच्या किल्ल्यापाशी उभं राहिलं की नीट कळतो. किल्ला साधारण १७.६७ उत्तर अक्षांश आणि ७५.९० पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाच्या एका अंशात सुमारे १११ किलोमीटर जातात. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला की माणूस १११ मीटर सरकतो. सोलापूरच्या कोटात तेवढ्या अंतरात तटाचा आतला पदर, बाहेरचा पदर, खंदक आणि सिद्धेश्वर तलावाचं पाणी असं सगळं मावतं. जुन्या चुकीसकट चाललो असतो, तर आपण वेढा घालणाऱ्यांत आहोत की वेढलेल्यांत, हेही यंत्राला सांगता आलं नसतं. पाचवा आकडा बरोबर असेल तर मात्र गोष्ट मीटरभरावर येते. एवढ्या अचूकतेने एखादा बुरूज नव्हे, त्या बुरुजातली एक जंगी, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली फटसुद्धा दाखवता येते.

हुंड्यातला किल्ला आणि वाटेवरची तोफ

माळेचा पहिला मणी अर्थातच सोलापूरचा कोट. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. सोलापूर आणि त्याखालचे साडेपाच परगणे हुंड्यात द्यायचं ठरलं होतं. ते दिले गेले नाहीत आणि त्यापायी दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या लढली. पुढे तालिकोटच्या लढाईआधी दख्खनच्या सुलतानांची युती जुळली, तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्या हुंड्यात विजापूरला गेलं. दोन लग्नांत दोनदा बोलीवर चढलेला हा किल्ला. त्याची खरी किंमत अहमदनगर-विजापूर वाटेवर बसल्यामुळे होती. म्हणून या मण्यावरचा प्रश्न तटापाशीच विचारावा: एका जंगीसमोर उभे राहा. आतल्या बाजूने तिचं तोंड रुंद आहे की बाहेरच्या? तिचा उतार कुठे रोखलेला आहे? बंदूकवाल्याला खंदकाचा कोणता काठ दिसत असेल? या प्रश्नांची उत्तरं कोणत्याही पुस्तकातून नकलता येत नाहीत. त्यासाठी जंगीपाशी वाकावंच लागतं.

दुसरा मणी परंडा. बार्शीच्या पश्चिमेला, आज धाराशिव जिल्ह्यात. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ या भुईकोटातून चालवला. मुलूखमैदान तोफ याच किल्ल्यात होती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद रूमी या ओतकाराने घडवली. नावावरूनच तुर्कांच्या तोफविद्येशी त्याचं नातं कळतं. धातू घंटेचा, म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन ५५ टनांच्या आसपास. तोंड जबडा पसरलेल्या सिंहाचं आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. भर उन्हातही तिचं अंग थंड लागतं आणि बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद निघतो, असं आज ती जिथे आहे त्या विजापूरचे लोक आवर्जून सांगतात.

१६३२ मध्ये आदिलशाहीचा मुत्सद्दी मुरार जगदेव याने ही तोफ परंड्याहून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली, असं परंपरा सांगते. तीच परंपरा असंही सांगते की तिच्या जोडीला 'कडक बिजली' नावाची दुसरी तोफ होती आणि ती नदी पार करताना बुडाली. काही कथनांत कृष्णेचं नाव येतं. पण नकाशा उघडला तर कृष्णा विजापूरच्या दक्षिणेला वाहते. परंड्याकडून येणाऱ्याला ती आडवी येतच नाही. आजच्या सोलापूर-विजापूर रस्त्यावर आधी वडकबाळला सीना लागते आणि मग टाकळीला भीमा. तोफ नेमक्या याच वाटेने गेली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण कथेत तथ्य असेल, तर बुडवणारी नदी भीमेच्याच बाजूची असणार, हे दोन बोटं नकाशावर ठेवून कुणालाही पडताळता येतं. या माळेतला सर्वांत विलक्षण मणी हाच: चारशे वर्षांपूर्वी पाण्यात गेलेली, कुणालाही न सापडलेली वस्तू. टाकळीच्या पुलाजवळचे आकडे द्यावेत आणि येणाऱ्याला एवढंच विचारावं की ५५ टनांचं ओझं या पात्रातून न्यायचं तर तू कुठला उतार निवडशील, आणि का.

मुलूखमैदानची पुढची कहाणीही सांगण्यासारखी आहे. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला. इंग्रजी अमलात १८५४ मध्ये निरुपयोगी सामान म्हणून ती लिलावात निघाली आणि सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. किंमत फारच थोडी आहे आणि लोकांची या तोफेवर श्रद्धा आहे, असं मामलेदाराने वर कळवलं, म्हणून विक्री रद्द झाली. डार्टमूरच्या माळावर पेरटने बाटली ठेवली तेही १८५४ च. एकीकडे जागेला भेट देण्याची हौस जन्माला येत होती, त्याच वर्षी इकडे एका कारकुनी नजरेच्या माणसाने शिफारस केली नसती, तर भेट देण्याजोगी वस्तूच वितळून गेली असती.

पाणी, छावणी, शेवटच्या लढाया

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला नळदुर्ग लागतो. बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली, १६१३ ची रचना. बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात ते पाहायला पावसाळ्यात लोकांची रीघ लागते. लष्करी डोळ्याने मात्र आधी नदी पाहावी. किल्ल्याला पाणी, शत्रूला अडथळा आणि राजाला विलास, ही तिन्ही कामं एकाच भिंतीने केली आहेत.

मंगळवेढ्याकडे जाताना भीमेकाठी माचणूर आहे. जवळच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाचा तळ पडून होता आणि त्याने गावाचं नाव इस्लामपुरी ठेवलं होतं. लाखाची फौज, बाजार, हत्ती-घोडे, उंट आणि त्या सगळ्यांना रोज लागणारं पाणी. संताजी-धनाजींच्या धामधुमीच्या काळात हिंदुस्थानचा बादशहा दिल्लीत नव्हता, इथे नदीच्या या वळणावर अडकून पडला होता, हे मुलांना वर्गात सांगून कळत नाही. घाटावर उभं केलं की कळतं.

मराठेशाहीच्या अखेरच्या दोन जागाही सोलापूर जिल्ह्यातच आहेत. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रज घोडदळाशी लढताना पडले आणि सातारचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्याच वर्षी मे महिन्यात टॉमस मन्रो सोलापुरावर चालून आला. १० मे रोजी पेठेच्या तटाला शिड्या लागल्या. पेशव्यांच्या तोफखान्याचा पिढीजात कारभार असलेल्या घराण्यातले गणपतराव पानसे लढताना जखमी झाले आणि काही दिवसांतच कोट इंग्रजांकडे गेला. विजापूर वेस, बाळी वेस, तुळजापूर वेस ही नावं त्या पेठेची आठवण धरून आहेत. लष्कर आणि सदर बझार या वस्त्या नंतरच्या इंग्रजी छावणीच्या.

शहरातल्या मण्यांत १९३० विसरून चालणार नाही. मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारून दिला आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. लष्कर आपल्याच प्रजेवर आणलं जातं तेव्हा काय होतं, हाही लष्करी इतिहासच आहे, आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी त्याचा मणी असायलाच हवा.

डबी नको, प्रश्न हवा

ही माळ बांधताना एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. किल्ल्यात डबी ठेवायची नाही. सोलापूरचा कोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तटाच्या फटीत कुणीही काही खुपसू नये, बेवारस डबा पाहून पोलिसांची धावपळ होऊ नये, दगड हलू नये. आपल्याकडे गुप्तधनाच्या हव्यासाने किती बुरूज आणि समाध्या उकरल्या गेल्या हे गडांवर फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. जिओकॅशिंगच्या नियमांतही खणायला मनाई आहे, आणि त्यात डबीशिवायचा एक प्रकारही आहे: जागेवर जा, तिथेच दिसेल अशा गोष्टीवरचा प्रश्न सोडवा आणि उत्तर कळवा. सोलापूरची माळ सबंध अशीच असावी. वाटेत दिसलेला कचरा मात्र उचलून आणावा. खेळाडू जगभर तसं करतात.

आता परवानगीची अडचणही पूर्वीइतकी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बरीच बंधनं उठवली. आकाशात अमेरिकी उपग्रहांच्या जोडीला आपली 'नाविक' यंत्रणा आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. लॅम्ब्टनच्या यंत्राला जे काम करायला टेकड्या चढाव्या लागल्या, ते काम आठवीतल्या मुलाच्या खिशात बसलं आहे. उरतं ते प्रश्न लिहिण्याचं काम. ते शिक्षकांनी, इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि बालवीरांच्या पथकांनी मिळून करावं. शहरातल्या वेशी, कोट आणि हुतात्म्यांचे पुतळे एवढा फेरा एका सकाळी पायी होतो. सुरुवात तिथूनच करावी.

आणि परंड्याची वाट मात्र, निदान काही कोस तरी, चालूनच पाहावी. तोफेवर ओतकाराचं नाव कोरलेलं आहे, बादशहाचा लेख आहे, ती नेणाऱ्या मुत्सद्द्याचं नाव इतिहासात आहे. जू मानेवर घेतलेल्या बैलांमागे चाललेल्या गाडीवानांची, दोरखंड ओढणाऱ्यांची, नदीत उतरलेल्यांची नावं कुठेच नाहीत. काळ्या मातीच्या या सपाट मुलखात उन्हातून चार कोस चालल्यावर ५५ टन म्हणजे काय हे पायांना समजतं. लष्करी इतिहासाची माळ बांधायची ती या समजुतीसाठी. नेम धरण्यासाठी जन्मलेली विद्या माणसाचे श्रम मोजायला वापरली गेली, तर तिचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम सोलापुरात झालेलं असेल.